उघडं कार्ड

लिंबा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मंडपात शेवटच्या रांगेत, बांबूला टेकून बसलो होतो. भंतेजींचं झाल्यावर तुझ्या मेव्हण्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी पुढं यावं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. इतकी वर्षं लिंबाजीची चित्रं ज्यानं गावोगाव पाठवली तो पोस्टमास्तर काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं. मी मान खाली घातली. तुझ्या बायकोनं, गयाबाईनं, पदर सारखा केला आणि माइक दुसऱ्याकडं गेला.

उठलो असतो तर माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं. ज्या दिवशी तुझी बोटं गेली त्या दिवशी दुपारी तुझं कार्ड मी पारावर मोठ्यानं वाचलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. सोळा वर्षं आपण पार्सलाचं वजन, डिंकाचा वास, पावसात फुगलेला पुठ्ठा असल्या गोष्टी बोलत राहिलो.

ज्वारीच्या ताटाची, म्हणजे धांड्याची, चित्रं होतात हे मला तुझ्यामुळं कळलं. लहानपणी धांड्याचे बैल आणि गाड्या आपण सगळेच करायचो. तू मोठा झाल्यावर थांबला नाहीस, एवढंच. सुगी झाली की कडब्यातून तू ताटं निवडायचास, सरळ, कीड न लागलेली. भिजवायचास, ब्लेडनं उभी चिरायचास, आतलं भेंड खरवडून टाकायचास. मग उरायची ती साल, कागदाएवढी पातळ आणि चकचकीत. ती विस्तवावर धरायची. थोडी धरली की पिवळी, अजून जरा धरली की बदामी, मग तपकिरी. एक श्वास चुकला की काळी, आणि ती चुलीत. याशिवाय दुसरा रंग तू वापरला नाहीस. सोनपेठच्या बाजारातून मोडक्या छत्र्या आणायचास, त्यांचं काळं कापड पुठ्ठ्यावर ताणायचास आणि त्यावर बाभळीच्या डिंकानं एकेक साल चिकटवायचास. आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या, वाळूत एका पायावर उभा बगळा. ऊसतोडीला निघालेली गाडी, खाली झुलणारा कंदील. सूप पाखडणारी बाई. तिच्या सुपातून उडणारं भूस तू सालीच्या भुग्यानं केलं होतंस, आणि ते पाहताना मला नाकात गेल्यासारखं वाटलं होतं.

पोस्टानं विकायची कल्पना माझी. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची ओसरी. एक टेबल, एक तराजू, लाल पेटी. ओसरीला तीन पायऱ्या. तू सर्वांत खालच्या पायरीपाशी उभा राहायचास. पार्सल तू मधल्या पायरीवर ठेवायचास, मी उचलायचो. सातवीपर्यंत आपण एका वर्गात होतो, तू दाराजवळ बसायचास. पायऱ्या मला कधी दिसल्या नाहीत, जशी माणसाला स्वतःची पापणी दिसत नाही.

मी पुण्याच्या एका मासिकात चार ओळींची जाहिरात दिली. ज्वारीच्या काडीतून हातानं केलेली चित्रं, पोस्टानं मागवा. खाली पत्ता लिहिला, द्वारा पोस्टमास्तर, आणि गावाचं नाव. तुझं नाव लिहिलं नाही. छापून आलेला अंक तू उभ्या उभ्या वाचलास.

"चित्र माझं अन् नाव पोष्टाचं?"

मी समजावलं, आडनावावरून लोक ओळखतात, गिऱ्हाईक परत फिरेल.

"गिऱ्हाईकाला बगळ्याची जात कळत असंल तर फिरू द्या की, मास्तर."

मी हसलो. तू हसला नाहीस. आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही.

मग पत्रं यायला लागली. सांगलीच्या एका डॉक्टरांनी तुझा बगळा दवाखान्यात लावला. त्यांनी लिहिलं, ताटकळलेली माणसं त्याच्याकडं बघत गप्प बसून राहतात. कल्याणच्या एका माणसानं लिहिलं, सूप पाखडणारी ती बाई पाहून मी रडलो, माझी आई अशीच मान तिरकी करायची. अमरावतीच्या एक निवृत्त शिक्षिका दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र मागवायच्या. ज्या माणसाला गावात कुणी 'बस' म्हणत नव्हतं, त्याच्या चित्रापुढं कुठं कुठं माणसं बसून राहत होती. हे तुला सांगताना मला आनंद व्हायचा, तो खोटा नव्हता. पण पत्रांचे मायने 'आदरणीय पोस्टमास्तर' असे असायचे, आणि सांगलीच्या डॉक्टरांना कलावंत मीच वाटत होतो. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

आपल्या गावात कार्ड मोठ्यानं वाचायची रीत होती. पाकीट ज्याचं त्याला, पण कार्ड गावाचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या सोयीसाठी माझ्या वडिलांनी ते सुरू केलं आणि पुढं ती गावाची करमणूक झाली. माझ्या ओसरीला लागूनच पार. डाकेची थैली आली की माणसं जमायची. कुणाचा जावई रुसला, कुणाची म्हैस व्याली, कोण पुण्यात चहाच्या गाड्यावर लागला, सगळं पारावर कळायचं. तुला वाचता येत होतं, तरी तुझी कार्डंही मी वाचायचो, तू यायच्या आधी. एकदा तू म्हणालास, "मास्तर, शिक्का बसला की कार्ड लिवनाऱ्याचं बी ऱ्हात न्हाई, ज्याच्या नावाचं त्याचं होतंय, हे तुमीच सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, अरे, चांगलंच तर लिहिलेलं असतं, ऐकू दे गावाला.

तू म्हणालास, "गाव चांगलं ऐकून चांगलं होत न्हाई."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला. आपल्या गावात ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेली दोन-तीन माणसं असतील. माझा चुलतभाऊ दौलत सोनपेठची शाळा अर्धी टाकून आलेला, तोही पारावर मांडी ठोकून म्हणायला लागला, आपलं विद्यापीठ न्यायलेत. एसटी बंद, रस्त्यात झाडं पाडलेली. डाक आणणारा सायकलवरून आडवाटेनं यायचा आणि थैलीबरोबर बातम्या आणायचा. अमक्या गावात वस्ती जाळली. तमक्या गावात विहिरीत एंड्रीनचं विष टाकलं. तो सांगायचा आणि पारावरची माणसं विचारायची, पुढं? जणू कीर्तनातली गोष्ट चालली होती.

त्यातल्या एका बाजाराच्या दिवशी ते कार्ड आलं. एसटी नव्हती म्हणून बाजाराला कुणी गेलं नव्हतं. दुपारी पार भरलेला होता. शिक्का मारताना मी कार्ड वाचलं. मला ते अजून पाठ आहे.

"लिंबाजीराव यांना सप्रेम जय भीम. चित्र मिळालं. मागं आपलं नाव वाचलं आणि इतके दिवस ते का कळलं नाही असं वाटलं. विद्यापीठाला नाव मिळायचं तेव्हा मिळेल, आपण आपलं नाव लिहिलंत याचा फार आनंद झाला. यापुढं प्रत्येक चित्रावर लिहीत जा."

खाली अमरावतीच्या बाईंची सही.

म्हणजे तू पार्सल शिवायच्या आधी चित्राच्या पाठीवर लिहिलं होतंस: लिंबाजी सटवाजी खंदारे, बौद्धवाडा. गाव ज्या वस्तीला महारवाडा म्हणायचं तिला तू बौद्धवाडा लिहिलं होतंस. मला न विचारता. मला राग आला. कसला राग, हे लिहिताना आजही लाज वाटते. इतकं केलं मी याच्यासाठी आणि यानं मला चोरून नाव घातलं, असा तो राग होता.

दौलतनं खालून विचारलं, "काय रे, लिंब्याला काय आलं?"

कार्ड टेबलाच्या खणात टाकता आलं असतं. काही नाही, नेहमीचंच, असं म्हणता आलं असतं. मी उठलो, ओसरीच्या कडेला आलो, घसा साफ केला आणि वाचलं. 'लिंबाजीराव' मधला 'राव' मी ओढला, गोंधळी ओढतात तसा. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, मुजरा करा रे रावसाहेबांना. मला बरं वाटलं. मग विद्यापीठाचं वाक्य आलं आणि हसणं थांबलं. दौलत उठून उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर मला दिसत होती.

तो म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

पहिल्यांदा वाचलं त्याला थट्टा म्हणता येईल. दुसऱ्यांदा वाचलं त्याला काय म्हणू? माणसांचे चेहरे माझ्यासमोर होते. ते बदललेले मी पाहत होतो. आणि शेवटच्या अक्षरापर्यंत, सहीसकट, मी वाचलं.

दिवस अजून मावळतीच्या दोन कासरे वर होता तेव्हा ते निघाले. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे. वेळूच्या काठीला कुणी विळा बांधला होता. काही जण मला 'चल' म्हणाले, काही म्हणाले नाहीत. मी त्यांच्यात नव्हतो, हे वाक्य मी सोळा वर्षं मनात म्हणत आलो आहे. मी त्यांच्या मागं गेलो, पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीच्या भिंतीआड उभा राहिलो. तिथून तुमची वस्ती दिसते, तुझं दार तर बोललेलं ऐकू येईल इतकं जवळ.

पावसानं ओढ दिली होती, सगळं वाळलेलं होतं. त्यांनी पहिल्यांदा तुझ्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. तू निवडून ठेवलेली ताटं. आवाज असा झाला की आभाळ फाटतंय. मग घरं. सखाराम म्हातारा बाजेवरून उठू शकत नव्हता, त्याचा मुलगा आत शिरायला गेला तर त्याला तिघांनी धरून ठेवलं आणि बघायला लावलं. बाज, म्हातारा आणि छप्पर एकत्रच खाली आलं. बायका ओढ्याकडं पळत होत्या, त्यांना तिथं अडवून दगड मारत होते. एका बाईच्या कडेवरचं पोर निसटलं आणि ती परत वळली, तेव्हा काठी तिच्या पाठीत बसली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ज्यांच्या घरची लग्नपत्रं मी वाचली, ज्यांच्या पोरांच्या नोकऱ्यांचे अर्ज लिहिले, त्यांचे हात होते ते. हेच हात एरवी कार्डाला नमस्कार करून कपाळाला लावायचे.

तू तुझ्या आईला पाठीवर घेऊन बाहेर आलास. तिला खाली ठेवलंस आणि पुन्हा आत गेलास. गिऱ्हाइकांच्या पत्रांची पत्र्याची पेटी आणायला गेलास, हे मला नंतर कळलं. दारात दौलत उभा होता. तो ओरडत नव्हता. पारावर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "लिंबाजीराव, भाईर या."

आणि त्यानं 'राव' ओढला. मी ओढला होता तसाच.

पेटी छातीशी धरून तू बाहेर आलास. तुझ्या डोक्याचे केस पेटलेले होते आणि तुला ते ठाऊक नव्हतं. चौघांनी तुला उखळापाशी पाडलं. दौलतनं विचारलं, कुठल्या हातानं नाव लिवलंस? कुणीतरी म्हणालं, चित्रं उजव्यानं करतो. तुझा हात उखळाच्या कडेवर दाबून धरला. कुऱ्हाड दोनदा वर गेली, कारण पहिल्यांदा नीट बसली नाही. तीन बोटं. तू ओरडलास तेव्हा मी भिंतीला कपाळ टेकलं. भिंतीला पीठ लागलेलं होतं.

गयाबाई तेव्हा लग्न होऊन आलेली नवी नवरी. रिकामी घागर घेऊन ती माझ्या बाजूनं पळत आली, मला पाहिलं आणि थांबली. म्हणाली, "मास्तर, सांगा की त्यायला. तुमचं ऐकतेत."

मी घरी गेलो. दार लावून घेतलं. तुझं कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. मला विचारलं. मी सांगितलं, बाजाराचा दिवस होता, मी पोस्टाच्या कामात होतो, मी काही पाहिलं नाही. गावात कुणीच काही पाहिलं नव्हतं. घरं आपोआप पेटली होती. दौलत पंधरा दिवसांत सुटून आला, त्याच्या पोराच्या जावळाला मी जेवायला गेलो. वाढलेलं सगळं खाल्लं.

त्यानंतर गावानं तुमच्यावर बहिष्कार टाकला. गिरणीनं दळण बंद केलं, दुकानानं मीठ बंद केलं. तुमच्या बायका पेडगावाकडच्या नातेवाइकांकडून डोक्यावर पीठ आणायच्या. परभणीच्या दवाखान्यातून तू महिन्यानं आलास. हात गुंडाळलेला, केस अर्धे. पहिल्याच दिवशी पोस्टात आलास आणि पायरीपाशी उभा राहिलास. मी खिशातलं कार्ड काढून दिलं. ते चुरगळलेलं होतं, त्यावर माझ्या घामाचा डाग होता. तू डाव्या हातात धरून ते वाचलंस. दोनदा वाचलंस.

"चांगलं लिवलंय बाईनं," तू म्हणालास. बस, एवढंच.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. दुसरी वेळ नव्हती असं नाही, पण ती खरी वेळ होती. मी विचारलं, हात दुखतो का? तू म्हणालास, "असलेली बोटं दुखत न्हाईत. नसलेली लय दुखतेत."

डाव्या हातानं ब्लेड धरायला तुला वर्ष लागलं. पहिला बगळा कावळ्यासारखा झाला, तो तू स्वतःच मला दाखवून हसलास. मग हात बसला. उजव्या हाताला उरलेल्या अंगठ्यात आणि एका बोटात तू साल धरायचास आणि विस्तवावर न्यायचास. त्या बोटांना भाजलेलं कळत नव्हतं, त्यामुळं तू आधीपेक्षा जास्त वेळ धरू शकायचास. सांगलीच्या डॉक्टरांनी लिहिलं, अलीकडच्या चित्रांतली सावली फार खोल झाली आहे, हे आपण कसं साधलंत? ते पत्र तू मला वाचून दाखवलंस आणि इतका हसलास की तुला ठसका लागला. म्हणालास, "सांगा त्यायला मास्तर, कुऱ्हाड लागती त्याला. पोष्टानं मिळत न्हाई." मी हसायचा प्रयत्न केला.

आणि नाव. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर तू नाव घातलंस. पाठीमागं नाही, पुढं, खालच्या कोपऱ्यात, ज्वारीच्याच सालीची अक्षरं कापून. अक्षरं वाकडी होती. मी त्यावर कधी काही बोललो नाही. तुझी गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. एक-दोन गेली, चार आली. मी चूक होतो, एवढं साधं वाक्यही मी तुला म्हटलं नाही.

आता जे लिहितो ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुझ्या नावानं कार्ड येणं बंद झालं. अमरावती, सांगली, कल्याण, सगळीकडून पाकिटं नाहीतर अंतर्देशीय पत्रं. डिंकानं नीट चिकटवलेली. सोळा वर्षांत एकही उघडं कार्ड नाही. मी पोस्टमास्तर आहे, असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी बंद पाकिटाची बुद्धी झाली नसणार. कुणीतरी त्यांना लिहिलं असणार की आमच्या गावात कार्डं टाकू नका. ती तिकिटं मीच तुला विकली असणार. तरी मी स्वतःला सांगत राहिलो, की लिंबाला माहीत नाही. आणि कधी कधी रागही यायचा, की माहीत आहे तर बोलत का नाही, चार शिव्या का देत नाही. माझ्या अपराधाचं ओझंही तूच उचलून मला हलकं करावंस, असं मला वाटत होतं.

एकदा, खूप वर्षांनी, मी म्हणालो, वर ये, बस इथं ओसरीवर. तू वर पाहिलंस. म्हणालास, "ऱ्हाऊ द्या मास्तर. तराजूचा काटा खालूनच नीट दिसतोय."

यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. जुनं नावही ठेवलं, नवंही जोडलं. तुमच्या वस्तीत लोकांनी गुलाल उधळला, लाडू वाटले, आणि दिवेलागणीला गावाकडून दगड आले. दुसऱ्या दिवशी तू पार्सल घेऊन आलास ते डोक्याला पट्टी बांधून.

"नाव मिळालं मास्तर, अर्धं. टाके बी मिळाले, सात."

मी मधल्या पायरीवरून पार्सल उचललं.

"अर्ध्या नावाला सात. पुरं मिळालं असतं तर किती पडले असते?"

पार्सल अमरावतीचं होतं. मी वजन केलं, पावती फाडली. तू गेला नाहीस. पट्टीच्या कडेनं रक्त वाळलेलं होतं. तू तसाच उभा राहिलास, पार्सलावरच्या तुझ्या नावाकडं पाहत. मी उगाच पार्सल पुन्हा तराजूत ठेवलं. तू विचारलंस, "अजून काय?"

मी म्हणालो, काही नाही.

"बरं," तू म्हणालास, आणि गेलास.

त्यानंतर तुझं डोकं दुखत राहिलं, मग ताप आला. डॉक्टर म्हणाले ताप डोक्यात गेला. दगडाबद्दल कुणी काही लिहून घेतलं नाही. सुगी चालू होती. तू यंदा निवडलेली ताटं तुझ्या भिंतीला टेकून उभी होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपातून ती मला दिसत होती, म्हणून मी मान खाली घातली, हेही एक कारण.

परवा गयाबाई पोस्टात आली. पायरीपाशी उभी राहिली. तिच्या हातात तुझी पत्त्यांची वही होती, डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरातली. म्हणाली, गिऱ्हाइकायला कळवायचं हाय, तुमीच लिवा. मी अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा काढला.

"बंद नको," ती म्हणाली. "कार्डच लिवा."

मी विचारलं, कार्ड कशाला?

तिनं माझ्याकडं पाहिलं. गिरणीपाशी पाहिलं होतं तसंच, फक्त या वेळी हातात घागर नव्हती.

"तुमाला वाचायला बरं पडंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती वही मधल्या पायरीवर ठेवून ती गेली. मी बराच वेळ ती उचलली नाही. तुला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. सोळा वर्षं तू दर पार्सलामागं मला एक संधी देत होतास, आणि मी वजन सांगत होतो.

आज सकाळी सगळी कार्डं लिहिली. अमरावतीचं शेवटी लिहिलं. दुपारी थैली जायच्या वेळेला पारावर नेहमीची माणसं होती. दौलतही होता. आता त्याचे गुडघे गेलेत, दोन वेळा सरपंच झाला, काठी टेकत येतो. शिक्का मारायच्या आधी कार्ड लिहिणाऱ्याचंच असतं, तेव्हा ते वाचायचा हक्क माझा होता. मी अमरावतीचं कार्ड घेऊन ओसरीच्या कडेला आलो. तीन पायऱ्या उतरून खाली आलो आणि तुझ्या जागेवर उभा राहिलो. मग वाचलं.

"आपले लिंबाजीराव गेले. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं म्हणून आपण आनंदाचं कार्ड पाठवलं होतं. ते मी पारावर थट्टेनं वाचलं, दोनदा. त्याच दिवशी माझा भाऊ दौलत यानं कुऱ्हाडीनं त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडली. सखाराम म्हातारा जळून मेला. मी गिरणीच्या भिंतीआडून सगळं पाहिलं आणि पोलिसांना पाहिलं नाही म्हणून सांगितलं. जाहिरातीत त्यांचं नाव मी लिहिलं नव्हतं. चित्रं सगळी त्यांचीच."

खाली माझं पूर्ण नाव.

बिडी पेटवायला काढलेली काडी एकाच्या हातात तशीच राहिली. एक म्हातारा पुटपुटला, आता कशाला उकरायलास, मेलेलं मानूस. मग दौलत काठीवर भार देऊन उठला. त्याच्या कपाळाची ती शीर अजून तशीच आहे. तो माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

तो म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, लिंबाजीराव. 'राव' न ओढता.